मानेचा होकार

हेज, कॅन्सस
१२ मार्च १९८७

चि. कोरीनला लिओकेडिया आत्याचे अनेक आशीर्वाद.

कोर्टात साक्षी टिपण्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा तू अखेर उत्तीर्ण झालीस. सहाव्या खेपेला झालीस, म्हणून अभिनंदन जरा जपून करते. मिनिटाला सव्वादोनशे शब्द टिपणारी बोटे सरावाने कुणालाही मिळतात. कठीण असते ती शेवटच्या पानावरची सही: जे बोलले गेले तेच, आणि तेवढेच, मी लिहिले. साक्षीदाराने नुसती मान हलवली, तर टिपणाच्या यंत्रावरून हात उचलायचे आणि तोंडाने उत्तर द्या म्हणून सांगायचे. न्यायाधीश वैतागले तरी सांगायचे. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे वर्ग चुकवू नकोस. निवृत्तीला टेकले तरी मी जाते आणि शिकवणाऱ्याच्या चुका काढते.

तुझ्या बाबाने पाठवलेल्या बीरॉकमधला, त्या भरल्या पावांमधला, कोबी कच्चा होता. त्याला कळव.

माझा कडकपणा हाच लोभ समजावा.
तुझी आत्या

४ ऑक्टोबर १९८८

ती. आत्यास, कोरीनचा सा. न. वि. वि.

बाबा म्हणतात, कोबी शिजलेलाच होता, दात तुझे जुने झालेत. हे आधी लिहिते, कारण पुढचे लिहवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका खुनाच्या खटल्यात मी बसले होते. ओटिलिया वर्थ या म्हाताऱ्या बाईंच्या नातवाला दारातच गोळी घातली होती. दारात आलेला माणूस हाच का, असे सरकारी वकिलांनी विचारले. बाईंनी आरोपीकडे पाहिले, ओठ थरथरले, मान खाली गेली. मला तो होकार वाटला. न्यायाधीश कागदांत पाहत होते. नातवाचे डोके मांडीवर कसे धरले, हे त्या नुकत्याच सांगून चुकल्या होत्या. त्यांना पुन्हा बोलते करणे माझ्याने झाले नाही. मी ‘हो’ टिपले आणि शेवटी सही केली. आरोपीला जन्मठेप झाली.

आता त्याचा नवा वकील म्हणतो, बाई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. प्रमाणपत्र मंडळाने मला बोलावले आहे. वर्थबाई ऑगस्टमध्ये वारल्या. दुसरा साक्षीदार नाही. कचेरीतल्या मैत्रिणी म्हणतात, यंत्राच्या कागदी फितीवर ‘हो’ आहे ना, मग गप्प बस. तू मंडळावर आहेस, म्हणून विचारायचीही लाज वाटते. त्यांनी मान हलवली होती, आत्या. बहुधा.

काय करू ते कळव.
तुझी कोरीन

९ ऑक्टोबर १९८८

चि. कोरीनला आशीर्वाद.

‘बहुधा’ तू स्वतःच लिहिलेस. मग मला कशाला विचारतेस?

तू त्या बाईंवर दया केलीस आणि त्यांची साक्ष मातीत घातलीस. तोंडाने उत्तर मागितले असतेस, तर त्या रडल्या असत्या, तुला शिव्याही दिल्या असत्या. पण हो किंवा नाही, जे काही म्हणाल्या असत्या ते आज त्यांच्या मागे उरले असते. आता तुझा शब्द उरला आहे, त्यांचा नाही.

प्रमाणपत्र जाईल. तरी सांग. तुझ्या सुनावणीला मी मंडळाच्या टेबलाशी बसणार नाही, मागच्या बाकावर बसेन. केस नीट बांधून ये.

तुझी आत्या

२ डिसेंबर १९८८

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

बर्फाने रस्ता बंद झाला आणि तू पोचू शकली नाहीस, ते एका परीने बरे झाले.

प्रमाणपत्र जमा केले. खटला पुन्हा चालवायचा ठरले आहे. पण वर्थबाईंवाचून तो उभा राहणार नाही, माणूस नाताळाला घरी असेल, असे सरकारी वकील माझ्याकडे न बघता म्हणाले. तो निर्दोष आहे की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मी बाईंच्या मुलीकडे गेले होते. पडदा हलला, दार उघडले नाही.

सुनावणीत अध्यक्षांनी विचारले, न उच्चारलेला शब्द तुम्ही लिहिलात का. मी नुसती मान हलवली. टेबलाच्या टोकाला साक्ष टिपायला एक पोरगी बसली होती, अगदी नवी. तिने यंत्रावरून हात उचलले. कानापर्यंत लाल झाली, आणि म्हणाली, “बाई, तोंडाने उत्तर द्या.”

क्षणभर मला तिचा भयंकर राग आला. मग मी म्हणाले, “हो.”

तिने बोटे खाली नेली आणि तेवढेच टिपले.

लोभ उरला असेल, तर राहू द्यावा.
तुझी कोरीन