रक्त पातळ होईना

प्रिय बारक्या,

बाबा ठीक आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. पन्नाशीत लागलेली त्यांची साखर आता अंगवळणी पडलीय. घोर आहे तो हृदयातल्या कृत्रिम झडपेचा. तिथे गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी ते रोज घेतात. पण हल्ली तपासणीत रक्त पातळ होईचना. डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती मोरीत टाकते.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी संशय औषधवाल्यावर, दुकान बदललं. मग बाबांवर. गोळी दिली की मी त्यांना तोंड उघडायला लावायचे, जीभ उचलायला लावायचे. "काय गं, पोलिसात लागलीस का?" असं ते हसून म्हणायचे, पण नजर चुकवायचे. आणि दुपारी जेवण झालं की मला हटकून काहीतरी काम काढून बाहेर पिटाळायचे. काल मी अर्ध्या वाटेतून परतले. घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलाशी बसलेले, भिंग डोळ्याला तसंच, आणि तळहातावर कॅप्सूल! डबी हिसकावली. व्हिटॅमिन के.

"साखर उतरते त्याने," म्हणाले. कुणी सांगितलं विचारलं, तर भिंग पुसत बसले. मग पुटपुटले, "बारक्याने पाठवल्यात. तुला सांगितलं असतं तर मोडता घातला असतास."

डॉक्टरांना लगेच फोन केला. साखरेसाठी यावर अभ्यास चाललेत, पक्कं काही नाही, म्हणाले. पण बाबांची गोळी नेमकं याच जीवनसत्त्वाचं काम अडवते. म्हणजे मी रक्त पातळ करत होते आणि तू घट्ट! आता कॅप्सूल मनानेच बंद केल्या, तर वाढवलेली गोळी उलटेल, रक्तस्राव होईल. डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासून गोळी बेताने उतरवणार आहेत, पण बाबांनी लपवाछपवी केली नाही तरच.

आणि ते ऐकत नाहीत रे. डबी परत मागून घेतली. तुझा हेतू वाईट नव्हता, मला कळतं. पण त्यांना साखरेचं काही पडलेलं नाही. तू भांडून गेल्यापासून तुझ्या हातून आलेली ही पहिली वस्तू, ती ते टाकणार नाहीत. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र माणसाच्या हाती धाडतेय. वाचल्या वाचल्या त्यांना फोन कर. डॉक्टर सांगतील तसंच घ्या म्हण, तुझं ऐकतील. आणि कॅप्सूलऐवजी दुसरं काही पाठवू नकोस. तूच ये.

वाट पाहणारी तुझीच,
ताई