घातलेले गाऱ्हाणे मागे घेण्याबाबत

मी, विश्राम भिकाजी घाडी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा हापूसची कलमे बांधणे, राहणार मौजे कातळखोल, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर जामसंड्याच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे साडेतीन वर्षांपूर्वी येऊन गेले. त्या वेळी माझा आवाज शाबूत होता आणि अक्कल नव्हती. आज उलट आहे.

आवाजाचे सांगतो. गेल्या वर्षी घशाचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले. गावात काहीजण म्हणतात, रवळनाथाने शिक्षा केली. डॉक्टर म्हणतात, तंबाखूने केली. मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे, कारण देवाला शिक्षाच करायची असती तर माझ्याआधी त्याने दुसऱ्या एकाला गाठले असते. त्याचे नाव तिसऱ्या कलमात येईल. बोलता येत नाही म्हणून लिहितो आहे, आणि लिहायला बसलोच आहे तर काही राखून ठेवणार नाही.

कलम १. राहते घर. माझी पत्नी यशोदा हयात नाही. घर माझा एकुलता मुलगा ओंकार व त्याची पत्नी तेजस्वी यांना निम्मे निम्मे द्यावे. पुढची पडवी मात्र एकट्या तेजस्वीची. तिथे तिच्या बचत गटाच्या बायका बसतात, काजू सोलतात आणि ग्रामपंचायतीचे कागद मोठ्याने वाचतात. ओंकारने तिथे मोटरसायकल लावू नये.

कलम २. सड्याखालची, म्हणजे वरच्या कातळी पठाराखालची बाग. अकरा गुंठे जमीन आणि त्यातली बावीस हापूस झाडे ओंकारला. सगळी मी बांधलेली आहेत, त्यातली तीन तर त्याच्या जन्माच्या वर्षी. माझा कलमे बांधायचा चाकू, कोयता आणि आंबे काढायचा झेला हेही त्याचेच. चाकूला धार आहे, वापरला नाही तर गंजेल. बागेच्या खालच्या अंगाचा ओलाव्याचा दोन गुंठ्यांचा तुकडा मात्र वेगळा काढावा आणि खालच्या वाडीच्या विहिरीसाठी बचत गटाच्या नावे करावा. खालच्या वाडीचे पाणी माझ्यामुळे गेले. कसे गेले ते पुढे लिहितो.

कलम ३. कपाटातली शाल, चांदीचा पेला आणि माझ्या सत्काराचा फ्रेम केलेला फोटो. ह्या तिन्ही वस्तू गुरुदासशेठ मिठबावकर यांना परत कराव्यात. शाल मी दोन थंड्या कलमांच्या रोपांवर घातली होती, तिला मातीचे डाग आहेत. धुऊ नये, तशीच द्यावी.

आता हा सत्कार कसला, ते सांगतो. घाडी घराण्याकडे गावच्या वतीने रवळनाथाला गाऱ्हाणे घालायचा मान आहे. मी उभा राहून देवाला साकडे घालायचे आणि गावाने प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आमच्या आजोबांच्या आधीपासून हे चालू आहे. घातलेले गाऱ्हाणे गावाला बांधून ठेवते, ही गावाची श्रद्धा आहे आणि माझीही होती.

२०२२ साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव होते. अर्ज दोनच आले: एक माझ्या सुनेचा, तेजस्वीचा, आणि दुसरा गुरुदासशेठच्या सुनेचा, सृष्टीचा. सृष्टी मुंबईला राहते. निवडणूक बिनविरोध झाली तर गावाला सरकारकडून बक्षिसाचा निधी मिळेल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आमच्या गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुनीतीबाई हे ऐकून एवढ्या चिडल्या की चहा तसाच ठेवून उठल्या. म्हणाल्या, "परीक्षा घेतली नाही म्हणून शाळेला शाबासकी द्यायची, हा कुठला न्याय?" मी हसलो होतो. शिकलेल्या बाईला सगळ्यात वाकडे दिसते, असे मला वाटले. लाज वाटते आता.

अर्ज मागे घ्यायच्या दोन दिवस आधी शेठ माझ्या पडवीत आला. सड्यावरच्या रिसॉर्टचा मालक, पण माझ्या पायाजवळ बसला.

"विश्रामकाका, गावाक निधी मेळतलो, देवळाक नवो सभामंडप मी बांधून देतंय. तुम्ही फक्त एक गाऱ्हाणा घाला. गाव एकमुखी रवांदे, इतक्याच."

"माझी सून उभी आसा, शेठ."

"म्हणानच तुमच्याकडे इलंय. भायरच्यान सांगितल्यान तर भांडण होता. घरच्यान सांगितल्यान तर शिस्त."

आणि मी घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी, भर देवळात, सगळा गाव जमलेला असताना. "जो कोण गावाच्या आडवो येयत, तेका तू बघून घे, म्हाराजा," असे मी माझ्या तोंडाने म्हटले. दीडशे माणसे "व्हय म्हाराजा" म्हणाली. एकच माणूस गप्प होता, खालच्या वाडीतला महादू. इतकी वर्षे गाऱ्हाणे घातल्यावर कोण गप्प आहे ते कानाला कळते. नंतर वाटेत मी त्याला विचारले, "गप्प कित्याक रवलंस रे?" तो म्हणाला, "माका कोणी इचारूक नाय, मगे व्हय कसो म्हणू?"

तेजस्वी देवळाच्या पायरीवर उभी होती. घरी आली, मला चहा दिला आणि म्हणाली, "मामानू, माका मता पडली नसती तरी चालला असता. पण तुम्ही गावाक इचारूकच दिलात नाय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने देवगडला गेली आणि अर्ज मागे घेऊन आली. रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते, म्हणूनच रडली नसावी.

गाव बिनविरोध झाला. माझा सत्कार झाला. पंधरा दिवसांत ओंकारला शेठच्या रिसॉर्टवर सुपरवायझरची नोकरी लागली. बक्षिसाच्या निधीतून सिमेंटचा रस्ता झाला, तो हमरस्त्यापासून थेट रिसॉर्टच्या गेटापर्यंत. देऊळ त्या रस्त्यावर येत नाही आणि शाळाही येत नाही. मग ग्रामपंचायतीने ठराव केला की सड्यावरचा झरा रिसॉर्टच्या कुंपणाच्या आत घ्यायला हरकत नाही. हरकत घेणार कोण? सगळेच बिनविरोध. खालच्या वाडीच्या बायका बापजन्मापासून ज्या झऱ्याचे पाणी भरत, त्यावर आता पाटी आहे: 'फक्त पाहुण्यांसाठी'. एप्रिल-मेमध्ये वाडीला टँकर येतो. टँकर शेठचा आहे आणि त्याचे बिल ग्रामपंचायत भरते. सरपंचबाई वर्षातून दोनदा झेंड्याला येतात, बाकी सह्यांसाठी कागद मुंबईला जातात. बायकांना राज्य करता यावे म्हणून कायदा केला आणि गावांत भांडण नको म्हणून बक्षीस ठेवले. दोन्ही कागदावर किती चांगली दिसतात! आणि दोन्ही एका शेठच्या खिशात मावली, कारण खिसा तेवढा मोठा होता आणि मी तो शिवून दिला. सरकारला मी पत्र लिहिले होते. पोच आली. पोचेवर माझे आडनाव चुकवले होते.

कलम ४. गाऱ्हाण्याचा मान. आमचे वकील म्हणतात, मान ही मिळकत नाही, ती मृत्युपत्रात लिहिता येत नाही. मी पाटीवर लिहून विचारले, मग मी ती विकली कशी? वकिलांनी चष्मा पुसला. तेव्हा हे कलम कायद्यात बसत नसेल तर गावात बसवावे.

गेल्या ग्रामसभेत शेठ उठून म्हणाला, "गावान देवासमोर शबूद दिलेलो आसा. म्होरची निवडणूकय बिनविरोधच." तेजस्वीसाठी सूचक म्हणून सही करायला तयार असलेल्या दोघी बायका मागे सरल्या. एकीला मुलाची काळजी, दुसरीला गाभण म्हशीची. त्यांना मी नावे ठेवणार नाही, भीती मीच घातली. गाऱ्हाणे ज्या घराने घातले त्याच घराने मागे घ्यायचे असते, आणि मला तोंड असून आवाज नाही. ओंकारला मी लिहून विचारले. त्याने कागद वाचला, घडी केली आणि म्हणाला, "बाबा, माझी नोकरी जायत." खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो. पण आता मान त्याच्याकडे जाऊ शकत नाही.

म्हणून गाऱ्हाणे घालायचा माझा मान मी माझी सून तेजस्वी ओंकार घाडी हिला देत आहे. बाईने गाऱ्हाणे घालायचे नसते असे कोणी म्हणेल. सरपंचाच्या खुर्चीवर बाई चालते, कारण ती खुर्चीत बसतच नाही. देवळात बाई उभी राहून बोलेल, म्हणून ती चालत नाही. असे म्हणणाऱ्याचे नाव सुनीतीबाईंनी लिहून ठेवावे.

माझे सुतक फिटल्यावर पहिल्या सोमवारी तेजस्वीने देवळात उभे राहून खालचे गाऱ्हाणे घालावे. त्यानंतर निवडणुकीला उभे राहायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. तिच्या वतीने मी एकदा ठरवले आहे, तेवढे पुरे. उभी राहिली आणि पडली तरी चालेल. गावाने तिला पाडावे, पण मत घालून पाडावे.

गाऱ्हाणे असे:

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा! विश्राम घाड्यान तुझ्या दारात उभ्या रावान जा गाऱ्हाणा घातल्यान, ता गावाचा नव्हता, शेठाचा होता. ता आज तेच्याच घरची सून मागे घेता, म्हाराजा. त्या गाऱ्हाण्यान जो कोण बांधलो गेलो आसात, तेका मोकळो कर, म्हाराजा. जेका उभा रवाचा आसा, तेका उभा रवांदे. जेका मत घालूचा आसा, तेका घालूंदे. इरोधात घातल्यान म्हणान तेच्या पोराक, गुराक, झाडाक धक्को लावू नको, म्हाराजा. विश्रामान जा काय चुकीचा केल्यान, तेचो जाब विश्रामाकच इचार. तो आता तुझ्याकडेच इलो आसा, म्हाराजा!"

कलम ५. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनीतीबाईंनी करावी. माझ्या तेराव्याला शेठकडून हार, फळे किंवा टँकर काहीही घेऊ नये. शेठ स्वतः आला तर त्याला पाणी विचारावे. ते विहिरीचे असेल तर जास्त बरे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून दोन्ही साक्षीदारांना वाचायला व ऐकायला दिला आहे. दोघांच्या देखत सही करीत आहे. दोघांनाही माझ्या मिळकतीतले काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

विश्राम भिकाजी घाडी (सही)

ठिकाण: कातळखोल, तालुका देवगड
दिनांक: २० एप्रिल २०२६

साक्षीदार १: सुनीती वासुदेव प्रभुदेसाई, निवृत्त मुख्याध्यापिका, कातळखोल (सही)

साक्षीदार २: महादू सोनू तांबे, खालची वाडी, कातळखोल (डाव्या हाताचा अंगठा)

नोंद: साक्षीदार क्र. २ यांना वाचता येत नसल्याने संपूर्ण मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. गाऱ्हाणे वाचून संपल्यावर ते उठून उभे राहिले व "व्हय म्हाराजा" म्हणाले. हे लिहून ठेवा, असे त्यांनी सांगितल्यावरून लिहिले आहे. सु. वा. प्रभुदेसाई.