पाच हिरव्या खुणा

सोमवार, ११ नोव्हेंबर
गाडी विकायची. गिऱ्हाईकही मिळालं: कापडे गावच्या रामजीचा मुलगा ऋत्विक, मुंबईत असतो. मोबाईलला स्कॅनर जोडून म्हणाला, काका, धुराच्या पाच टेस्ट गाडी स्वतःच करते, झाली की हिरवी खूण येते; इथे पाचही रिकाम्या दिसतायत. बिघाड लपवायला कोणी मेमरी पुसली की असं होतं. रविवारी पाचही हिरव्या दाखवा, लगेच नेतो.
मला म्हणतो! महाड कोर्टात तीस वर्षं बेलिफ होतो. जप्तीत एका चमच्याचा घोळ नाही. पाचही हिरव्या करणारच. नावाचा प्रश्न आहे.

मंगळवार, १२
सुनील मेकॅनिक म्हणाला, नवी बॅटरी बसवली तेव्हा पुसलं गेलं असंल. रोज महाडपर्यंत चालवा, आपोआप होतंय. फक्त बॅटरीला हात लावू नका.
बॅटरीचं नाव का काढलं? नक्की त्याचा गाडीवर डोळा आहे. त्याचा स्कॅनर मागून आणला आणि घरी येऊन बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं. रोज काढणार. आता कुणाच्या बापाला गाडी सुरू करता येणार नाही.

बुधवार, १३. दुपारी
महाडला जाऊन आलो. तीन हिरव्या! टर्मिनल काढलं.

गुरुवार, १४. सकाळी ७
टर्मिनल लावलं. शून्य! कुणीतरी हात मारला. संशयित पहिला सुनील. दुसरा शेजारचा हैबती. परवा विचारत होता, गाडी इकताव काय? त्याला काय करायचंय?

शुक्रवार, १५
काल पुन्हा तीन, आज पुन्हा शून्य. बायको म्हणाली, सुनील नको म्हणाला तेच कशाला करताय? अनुपमाला टेक्निकल काही कळत नाही. गाडीभोवती चुलीतली राख पसरली, मग टर्मिनल काढलं.

शनिवार, १६. सकाळी
राखेत पावलं! बॉनेटपर्यंत गेलेली, तिथूनच परत. चप्पल बरोबर माझ्या मापाची. चोर पक्का तयारीचा. पंचनामा लिहिला. पंच म्हणून सही कर म्हटलं, तर ही हसत आत गेली. हिचंही नाव यादीत घातलं.

रविवार, १७
ऋत्विक आला, सोबत रामजी. शून्य. मी राख दाखवली आणि त्यांच्यासमोरच, स्पीकर लावून, सुनीलला फैलावर घेतलं. तो म्हणाला, टर्मिनल काढलं की गाडी सगळं विसरते हो. सांगितलं नव्हतं काय?
रामजी म्हणाला, म्हणजे रोज तुमीच पुसत होताव? काय बिघाड हाय तो सांगा की भाऊ. आमाला काय कळत नाय काय?
चोरांपासून जपत होतो म्हटलं. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. चहा न घेता गेले. फार लाज वाटली.

सोमवार, २५
आठ दिवस टर्मिनलला हात लावला नाही. पाचही हिरव्या. ऋत्विकने दुसरी गाडी घेतली.
आता चावी गाडीतच ठेवतो, काचाही उघड्या. कुणी न्यायला येत नाही. चोरसुद्धा.