झाकलेलं ताट

काउरा (ऑस्ट्रेलिया), ११ मे १९९२

ती. आईस काझुमाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले खारवलेले प्लम पोचले. इथं सोमवारी मटण आणि मंगळवारी उरलेलं मटण, त्यामुळे जीव वाचला. आजी अजून आजोबांचं ताट मांडते का? युद्धात गेलेल्या माणसासाठी पन्नास वर्षं गरम भात झाकून ठेवायचा आणि नातू परदेशी येऊन वर्ष झालं तरी त्याला साधी वाटीही नाही, हा कुठला न्याय? माझ्या वतीनं विचार तिला.

रविवारी इथल्या जुन्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या आपल्या लोकांच्या थडग्यांवरचं गवत काढायला गेलो होतो. बरीच नावं खोटी आहेत म्हणतात. पकडले गेल्याचं गावी कळलं तर घरच्यांना मान खाली घालावी लागेल, म्हणून हे लोक भलतंच नाव सांगायचे. एका दगडावर आजीचं माहेरचं आडनाव दिसलं. सोएदा मिनोरु. तिच्या भावकीतला कोणी होता का? सहज विचारतो.

लोभ आहेच, तो प्लमच्या पुढच्या बरणीतून दिसावा.

तुझा काझुमा

आकिता (जपान), २९ मे

चि. काझुमा यास अनेक आशीर्वाद.

तू सहज विचारलंस, मी ती ओळ दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचली. सोएदांच्या घरात मिनोरु कोणी नव्हता. मी मुलगा झाले असते तर ते नाव माझं होतं. बाबा लढाईवर निघाले तेव्हा मी पोटात होते. दोघांनी नाव ठरवलं, आणि आईनं ते माझ्याखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

त्रेचाळीसच्या जानेवारीत ते न्यू गिनीत पडल्याचं सरकारनं कळवलं. अस्थींच्या पेटीत आला एक दगड. म्हणून आई त्यांचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवू देत नाही. मेलेल्याला नैवेद्य, दूर गेलेल्याला ताट, असं तिचं म्हणणं. तिचं हे वाट बघणं एकदाचं संपावं असं मला फार वाटतं. पण गावात ती वीरपत्नी. ते कैदेत होते हे कोणत्या तोंडानं सांगू? कधी वारले तेवढं बघ, आणि कुठे बोलू नकोस.

तब्येतीला जप.

तुझी आई

काउरा, १५ जून

ती. आईस सा. न.

दगडावर जुलै १९४४ आहे, इथला ऐन थंडीचा महिना. म्हणजे सरकारनं मारल्यावर दीड वर्ष आजोबा जिवंत होते. आजीला सांग. ती बरोबर होती, एवढं तरी तिला कळू दे.

काझुमा

आकिता, ४ जुलै

चि. काझुमा यास अ. आ.

सांगितलं. आई शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. तिथे फार थंडी असते का, हे आधी विचारलं. मग म्हणाली, म्हणजे दीड वर्ष तरी तो माझ्या हातचं जेवला. गावाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, गावानं त्याला कधी वाढलंय? दगडावरचं नाव मात्र बदलू नका म्हणाली. त्यानं ते आमच्यासाठी घेतलं होतं, ते त्याच्याकडेच राहू द्या.

संध्याकाळी तिनं स्वतः फोटो देव्हाऱ्यात ठेवला आणि पुढे भात वाढला. त्यानंतर खूप रडली. मीही रडले.

आज सकाळी बघते तर मेजावर, त्याच जागी, पुन्हा झाकलेलं ताट. विचारलं तर म्हणाली, हे काझुमाचं.

तेव्हा आता वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती रोज गरम वाढली जाते.

तुझी आई