दाराच्या भोंग्याबद्दल

चिमणे,

आई दार उघडून बाहेर गेली आहे. हल्ली तिला परतीचा रस्ता आठवत नाही, म्हणून मी शोधायला निघालोय. तू घरातच थांब. ती आली तर लगेच फोन कर.

दार उघडलं की भोंगा वाजावा म्हणून तू तो पत्त्याच्या पानाएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर घेऊ म्हणालीस, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "मी घरात असताना खेळणी कशाला?" घरातच होतो गं, खुर्चीत घोरत होतो. स्वस्त वस्तूचा भरवसा नसतो, असंही वर ऐकवलं होतं.

आजच मागव. तिला पहारा आवडत नाही, तेव्हा भोंग्याचं विचारलं तर सांग, हल्ली बाबाच न सांगता कुठेही भटकतात.

— बाबा