मुरूडला गुपचूप स्थळ बघायला

२९ जानेवारी १९८९, रविवार
पाचवं स्थळ फिसकटलं. माली एकोणतीसची झाली. पोरीत खोट नाही. डोंबिवलीवाल्यांना मी एवढंच विचारलं की मुलाच्या आईला कायमच धाप लागते का. लोकांना खरं ऐकायची सवय नाही.
हे म्हणाले, तू तोंड मिटून बसलीस तर सहावं जमेल. म्हटलं, मी नसते तर पाची ठिकाणी फसलो असतो.

३१ जानेवारी, मंगळवार
उल्हासनगरहून नणंद आली, चांगुणावन्सं. मुरूडचं स्थळ. मुलगा कमळाकर, शाळेत क्लार्क. आई वेणूबाई घरीच टुरिस्ट लोकांना जेवण घालते. मालीचा फोटो त्यांना आवडलाय. पुढच्या महिन्यात बघायला येणार.
वन्संनी हात जोडले. वहिनी, हे शेवटचं, यापुढे मी स्थळ आणणार नाही.
दुपारभर डोकं चालवलं. प्लॅन पक्का. ते यायच्या आधी आपणच गिऱ्हाईक म्हणून जेवून यायचं. घर, विहीर, संडास, सासू, सगळं चेक. मला तिथं कोण ओळखतंय? मालीला गॉगल लावायचा.

४ फेब्रुवारी, शनिवार. मुरूड
एस.टी.त हाडं खिळखिळी झाली. समुद्र बघितला. पाणी खारट, वाळू चपलेत. हे पँट वर करून पोरासारखे लाटांत. आमची बदलापूरची नदी बरी, गप वाहते.
लॉजवाल्याने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं नाशिक. त्याच वेळी हे म्हणाले पुणे.

५ फेब्रुवारी, सकाळ
टुरिस्ट दिसायला हवं म्हणून जंजिऱ्याच्या होडीत बसलो. होडीवाल्याला विचारून घेतलं, वेणूबाईचा मुलगा पितो का, आधी कुठे जमलेलं का, घर स्वतःचं का. तो म्हणाला, मावशी, किल्ला तिकडे आहे.

दुपारी
वेणूबाईकडे जेवलो. एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलेलं. पण सोलकढी पातळ होती, गप्प कशी बसू? मग विहिरीत डोकावले. खोल्या मोजल्या. संडास लांब आहे, म्हातारपणी कुठे धावणार, हे तिच्या भल्यासाठी सांगितलं. बाई म्हणाली, जेवायला आलात की सिटी सर्व्हे करायला? म्हटलं, आम्ही नाशिककर चौकस असतो.
मालीने गॉगल काढून ठेवला आणि आत जाऊन नारळ खवत बसली. गिऱ्हाईक असं करतं? किती खुणावलं, बघितलंच नाही. कमळाकर चार वेळा पाणी ठेवून गेला, चारी वेळा तिच्याच पुढ्यात. साधा मुलगा. त्याला काय कळणार.
निघताना वेणूबाईने मालीला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. गिऱ्हाईक धरून ठेवायची रीत असेल.
कोणाला काही कळलं नाही.

११ फेब्रुवारी
पत्र नाही. मुरूडवाल्यांनी येतात कधी ते तरी कळवायचं.

१४ फेब्रुवारी
पत्र नाही. आजपासून मंगळवारचा उपास. पोस्टमन मला बघून सायकल वळवतो. माली घरात बोलत नाही. ह्या स्थळाची पण वाट लागली तर मी काय करू? जीव द्यावासा वाटतो. एकदा मनात आलं, सोलकढीचं बोलले नसते तर.
पण पातळ होती.

१९ फेब्रुवारी, रविवार
वन्सं पत्र घेऊन आल्या. मीच वाचलं, वेणूबाईचं किरटं अक्षर लावत लावत. मुलगी पसंत. घरी येऊन गेलीच आहे, तेव्हा वेगळं बघायला येत नाही. बैठकीला मुलीचे वडील आणि आत्याबाई यांनी यावं. मुलीच्या आईंना प्रवासाचा फार त्रास होतो असं दिसलं, त्यांनी थेट लग्नालाच यावं.
म्हटलं, मला कसला त्रास? हे छताकडे बघत होते.
मालीला विचारलं, आईला वगळून बैठक, चालेल तुला?
हो म्हणाली.
मी वाट बघितली. ती मुरूडचा नारळ फोडायला उठली.