‘गेय’ की ‘ऊ’

लीरबेक, ब्राबांत
८ ऑक्टोबर १९६६

प्रिय द्रीक,

इथं सगळे धडधाकट आहेत. तुझ्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो. पंधरा वर्षांत विचारलं नाही, तेव्हा आज एकदम चौकशा करणं बरं दिसत नाही. आईचे गुडघे कुरकुरतात, पण बटाट्याचा कुस्करा ती अजून उभ्यानंच घोटते, आणि मीठ कमी आहे असं कुणाला म्हणू देत नाही.

पत्र कामाचं आहे. चर्चमधून लॅटिन गेलं. आता मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, लोकांनी डचमध्ये गायचं. गीतं कोण लिहिणार? ज्या पाद्र्यापाशी निरुपयोगी विद्या सर्वांत जास्त तो. उत्रेख्तला चार वर्षं मला संस्कृत शिकवलं, कारण धर्मप्रसाराला हिंदुस्थानात धाडायचं होतं, धाडलं लीरबेकला. ते वृत्तज्ञान आता शेतकऱ्यांवर खर्च होतंय. वृत्त बिनचूक असतं, पण दुसऱ्या ओळीतच लोकांचा दम संपतो. तुझ्या नेल्त्येची प्रॉटेस्टंट मंडळी चारशे वर्षं गात आली आहेत. आमची तेवढीच वर्षं गायकवृंदाचं ऐकत जपमाळ ओढत बसली.

नव्या गीतात मी देवाला ‘गेय’ म्हणून, आपल्या घरगुती ‘तू’नं, हाक मारली आहे. (संस्कृतात गेय म्हणजे गाण्याजोगं. हे मी प्रत्येक तालमीत सांगतो, अजून कुणी हसलेलं नाही.) गीतसंग्रह छापणारे उत्तरेकडचे. ‘गेय’ जुनाट वाटतं, त्याजागी आदरार्थी ‘ऊ’, म्हणजे ‘आपण’, घाला, असं त्यांनी कळवलं. त्यांना काय ठाऊक, आपल्याकडे ‘गेय’ हा चुलीपाशी बोलायचा शब्द आहे. आई शेजारणीला गेय म्हणते, गाईलाही गेयच म्हणते.

परवा तालीम होती. शेवटचं कडवं असं:

ताटं मांडली, दिवा लावला,
खुर्ची तुझी रिकामी;
इतका का रे दूर राहिलास,
वाट पाहतो आम्ही.

गाणं संपल्यावर पहिल्या बाकावरून आई सगळ्यांदेखत म्हणाली, “बेर्त, बरं केलंस. लिहिलंस एकदाचं द्रीकला.”

“आई, हे देवाला आहे.”

“देवाला कशाला? तो कुठं गेलाय? गेलाय तो द्रीक.”

तालीम तिथंच आटोपली. घरी येऊन मी कडव्यावर शास्त्रोक्त भाष्य करायला बसलो. खुर्ची म्हणजे आत्मा वगैरे. जमेना. खुर्ची खिडकीकडची आहे, तिची वेताची बैठक मधोमध खचली आहे, आणि तिच्यावर आई कुणाला बसू देत नाही.

तुमच्या लग्नाच्या वेळचं माझं पत्र तू फाडलं असशील. मला पाठ आहे. “आपल्या विवाहास मी उपस्थित राहू शकत नाही, हे आपण समजून घ्याल.” धाकट्या भावाला चार ओळींत चार वेळा ‘ऊ’. कॅथलिक पाद्र्यानं प्रॉटेस्टंट चर्चमधल्या लग्नाला जायचं नाही, हा नियम होता खरा. पण ‘ऊ’ लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं, आणि त्या वेळी मला ते पत्र चांगलं उतरलंय असंही वाटलं होतं. याची लाज मला तुझ्यापुढे कबूल करायची आहे; आजवर लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकत आलो, देणं कठीण जातं.

छापणाऱ्यांना कळवलंय: ‘गेय’ राहील, नाहीतर गीत परत पाठवा. कारणं व्याकरणाची दिली आहेत.

३० तारखेच्या रविवारी साडेनऊला ते पहिल्यांदा म्हणायचं आहे. नेल्त्येला घेऊन ये. तिची इच्छा असली तर तिनं मधोमध बसावं, म्हणजे श्वास कुठं घ्यायचा ते आमच्यांना कळेल. तुमच्या लग्नात मी चर्चच्या दारापर्यंतसुद्धा आलो नाही. त्या रविवारी मी आमच्या चर्चच्या दारात उभा असेन. घंटा झाली तरी आत जाणार नाही. आणि पाद्री आत गेल्याशिवाय आमच्याकडे मिस्सा सुरू होत नाही, एवढं नेल्त्येला समजावून सांग.

तुझाच थोरला,
बेर्त